ल्वपुक म्हणजे काय रे भाऊ?

भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीत रोवणीचे दिवस. मोठी माणसं बांधीत, पोरं मोबाईलवर. त्यातलाच एक पोरगा आमच्या ओसरीवर बसून कॉलेजची वेबसाईट ऐकतोय.

हो, ऐकतोय. त्याला दिसत नाही.

फोन मात्र बोलका आहे. पडद्यावर बोट सरकवलं की तिथे जे असेल ते म्हणून दाखवतो. सोयीचं नाव टॉकबॅक. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांत ती फुकट असते, तुमच्याही असेल. मध्यंतरी फोन अचानक बडबडायला लागला म्हणून तुम्ही घाबरून भाच्याला हाक मारली होती ना? तीच ती.

पोरगा बारावी झाला. बी.ए.ला जायचंय. यादी लागली, असं कोणीतरी सांगितलं. कुठे? वेबसाईटवर. म्हणजे यादी बघायला आता भर पावसात साकोलीची बस धरायला नको. केवढी प्रगती!

त्याने बोट सरकवलं. फोन म्हणाला, ‘इमेज.’ पुन्हा सरकवलं. ‘इमेज.’ पुन्हा. ‘लिंक. क्लिक हिअर.’ पुन्हा. ‘लिंक. क्लिक हिअर.’ मग फोनने एक लांबलचक श्वास घेतला आणि म्हणाला, ‘व्हॉट्सअ‍ॅप इमेज, दोन हजार चोवीस, शून्य आठ, पंधरा, अ‍ॅट दहा, बारा, चव्वेचाळीस, ए.एम.’

ते प्राचार्य होते.

झेंडावंदनाचा फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर आला तसा चढवला. फोटोमागे दोन शब्दांची ओळख लिहायची जागा प्रत्येक वेबसाईटमध्ये असते. ती दिसणाऱ्याला दिसत नाही, ऐकणाऱ्याला ऐकू येते. तिथे ‘प्राचार्य झेंडा फडकवताना’ एवढं लिहायला किती वेळ लागतो? चहा फुंकून प्यायला लागतो त्याहून कमी. पण नाही लिहिलं. म्हणून प्राचार्यांचं नाव आता दहा, बारा, चव्वेचाळीस.

पुढे एकदाची सूचना सापडली. पीडीएफ उघडली. फोन म्हणाला, ‘एल, डब्ल्यू, पी, यू, के.’

‘काका, हे का होय?’

‘सूचना,’ मी म्हणालो.

गंमत नाही. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘सूचना’ टाइप करताना बोटं इंग्रजीची हीच पाच अक्षरं दाबतात. आपल्या डोळ्यांना वर मराठीचा मुखवटा दिसतो. संगणकाच्या पोटात इंग्रजीच असते. फोन बिचारा पोटातलं वाचतो. कधी अक्षरं सुटी म्हणतो, कधी जोडून. जोडून म्हटलं की सूचना होते ल्वपुक.

आणि मराठी? ती होते ‘ई, जे, के, बी, एच’. अभिजात दर्जा २०२४ मध्ये मिळाला, वर हा नवा दर्जा.

देवनागरीला युनिकोडमध्ये जागा मिळाली १९९१ साली. तेव्हा जन्मलेली पोरं आज स्वतःच्या पोरांना शाळेत घालतायत. आमच्या कॉलेजांच्या ऑफिसात मात्र अजून कृतिदेव. कारण? बाबूंची बोटं त्यावर बसलीत. बोटांची सवय मोडायला काही महिने लागतात. तीस वर्षं उलटली, ते काही महिने निघाले नाहीत.

बरं, हे झालं टाइप केलेल्या सूचनेचं. दुसरी सूचना त्याहून अस्सल. तिच्यावर सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक होता. म्हणजे आधी संगणकावर टाइप केली, मग छापली, साहेबांपुढे ठेवली, शिक्का मारला, मग ती तिरपी स्कॅन केली आणि चढवली. फोनने पीडीएफ उघडली आणि गप्प बसला. त्याच्या लेखी तिथे कोरा कागद होता.

टाइप केलेली फाईल कुठे आहे? त्याच संगणकात. त्याच टेबलावर. ती चढवायला काय हरकत?

‘तिच्यावर शिक्का नाही ना सर!’

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, म्हणे. कॉलेज त्याला दोन पीडीएफ देतं.

पोरगा हुशार. त्याच्याकडे चित्रातली अक्षरं ओळखणारं अ‍ॅपही आहे. त्याने यादी त्यातून काढली. अ‍ॅपने मेहनत घेतली, पण तिरप्या स्कॅनमध्ये रकाने एकमेकांत घुसले. अनुक्रमांक एकाचा, आडनाव दुसऱ्याचं, प्रवर्ग तिसऱ्याच्या गळ्यात. त्या यादीप्रमाणे आमच्या पोराला प्रवेश मिळाला होता. फक्त तो मुलगी झाला होता.

मग शेवटचा उपाय. ई-सेवा केंद्र. तिथला मुलगा भला आहे, सगळं वाचून दाखवतो, फॉर्मही भरून देतो. त्यासाठी काय द्यावं लागतं? जन्मतारीख, आधार, जातीचा दाखला, पासवर्ड आणि फोनवर आलेला ओटीपी. बँकेचा रोज मेसेज येतो, ओटीपी कोणालाही सांगू नका.

तो मेसेज फोन खणखणीत वाचतो.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला? हा प्रश्न मी एका कॉलेजच्या ऑफिसात ऐकला आहे. नाव नको, गावही नको. तिथलं उत्तर तयार होतं, ‘आपल्याकडे एकही अंध विद्यार्थी नाही.’

ज्या गावाला एस.टी. जातच नाही, त्या गावचा एकही प्रवासी डेपोत दिसत नाही. म्हणून डेपो मॅनेजर काय म्हणतो? मागणी नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त अपंग मोजले गेले. देशात २ कोटी ६८ लाख. सगळे परदेशी शिकायला गेले म्हणायचे?

कायदा आहे का? अहो, आहे म्हणजे! १९९५ चा होता, त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार. २०१६ चा आला, त्यात २१. प्रकार तिप्पट झाले, वेबसाईट तीच.

त्या कायद्यात सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. जागा राखून ठेवायची आणि ती असल्याची सूचना स्कॅन करून लावायची. लग्नाला बोलवायचं आणि पत्रिकेवर गावाचं नावच छापायचं नाही, असला हा आग्रह.

याच कायद्याने सेवा देणाऱ्यांना, सरकारी असोत की खासगी, आपल्या सेवा दिव्यांगांना वापरता येण्याजोग्या करायला नियम निघाल्यापासून २ वर्षांची मुदत दिली होती. नियम निघाले जून २०१७ ला. हिशेब करा. बोटं पुरतील.

दंडही आहे. पहिल्या चुकीला १० हजारांपर्यंत, पुन्हा केली तर ५० हजार ते ५ लाख. वेबसाईट नीट करायला यापेक्षा कमी लागतात. तरी आपला माणूस दंडाची वाट बघतो, कारण वेबसाईटचं कोटेशन मागवावं लागतं आणि दंडाचं मागवावं लागत नाही.

मधल्या काळात आपण हातावर हात ठेवून बसलो नव्हतो, बरं का. २०१५ च्या डिसेंबरात आपण ‘विकलांग’ शब्द काढून ‘दिव्यांग’ आणला. त्याच महिन्यात सुगम्य भारत अभियान सुरू केलं. २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी वेगळा विभागच काढला. मंत्रालयात पाटी लागली. शब्द बदलला, खातं बदललं, लेटरहेड बदललं.

फॉन्ट राहिला.

राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. रस्ते, इमारती, वाहनं आमच्या वापरायोग्य करा, एवढंच मागणं. निकालामागून निकाल येत ८ नोव्हेंबर २०२४ उजाडला. तोवर याचिका अठरा वर्षं ओलांडून मतदार यादीत नाव लावण्याजोगी झाली होती. त्या दिवशी न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला १५ वा नियमच कायद्याशी विसंगत ठरवला. का? तर कायदा म्हणतो ‘करावंच लागेल’ आणि नियम नुसती मार्गदर्शक तत्त्वं पुढे करून म्हणतो ‘जमेल तसं बघा’. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असं केंद्राला सांगितलं.

सरकारी तीन महिने म्हणजे किती, हे घरकुलाच्या दुसऱ्या हप्त्याची वाट बघणाऱ्याला विचारा.

पुढे ३० एप्रिल २०२५ ला आणखी एक निकाल. प्रज्ञा प्रसून या अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाई. बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवायचे होते, म्हणजे समोर जिवंत माणूस आहे हे सिद्ध होतं. त्यांना पापणी मिटता येत नाही. मशीनच्या हिशेबी त्या जिवंत ठरेनात. न्यायालयाने सांगितलं, डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अमर जैन या दृष्टिहीन वकिलांची याचिकाही याच निकालात होती.

आणि हे सगळं दिल्लीत चालतं, आपल्याला काय, असं भंडाऱ्यात म्हणायची सोय नाही. राहुल बजाज नागपूरचे. दृष्टिहीन. कायदा शिकले नागपूर विद्यापीठात, पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला. डॉक्टरांची वेळ मिळवून देणाऱ्या एका कंपनीचं अ‍ॅप आपल्याला वापरता येत नाही, म्हणून त्यांनी मुख्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार नेली. २०२२ मध्ये आदेश आला, खासगी कंपनीलाही हा कायदा बंधनकारक आहे.

भंडाऱ्याची कॉलेजं कुठल्या विद्यापीठाची? त्याच. घरच्या विद्यार्थ्याने खासगी कंपनीला वठणीवर आणलं आणि घरच्या नोटिसा अजून ल्वपुक.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजांवर कोणाचं लक्ष नाही का? आहे ना! कॉलेजांना श्रेणी देणारी नॅक आहे.

नॅकच्या अहवालात ७.१.७ क्रमांकाचा एक रकाना कॉलेजं भरत आली आहेत. दिव्यांगांसाठी सोयी. पाच बाबी : रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, दिशादर्शक पाट्या, चौथ्यात सुगम्य वेबसाईट आणि पडदा वाचणारं सॉफ्टवेअर, पाचव्यात लेखनिक-वाचक वगैरे मदत. यातल्या चार असल्या की वरचा पर्याय तुमचा. पाचातली कोणती सोडायची, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पुरावा म्हणून काय लागतं? जिओटॅग केलेले फोटो. रॅम्पचा फोटो निघतो. कठड्याचा निघतो. रॅम्पवर खुर्चीत बसवलेल्या धडधाकट शिपायाचाही निघतो. वेबसाईट सुगम आहे याचा फोटो कसा काढणार? मॉनिटरचा काढतात. वर अक्षांश-रेखांश येतात. साकोली तालुक्यात एक मॉनिटर असल्याचं निर्विवाद सिद्ध होतं.

सॉफ्टवेअरची कथा त्याहून रसाळ. पडदा वाचणारं एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, कारण बाजारातली महागडी सॉफ्टवेअरं सगळ्यांना परवडत नव्हती. ते मराठीही वाचतं. पेन ड्राइव्हवर मावतं. मग कॉलेजात का नसतं? फुकट वस्तूचं बिल होत नाही, बिलाशिवाय खरेदी समिती बसत नाही, आणि समिती बसल्याशिवाय कॉलेजात खडूसुद्धा येत नाही.

जिथे महागडं घेतलं आहे तिथे ते सुखरूप आहे. सीडीच्या वेष्टनात. कपाटात. किल्ली ज्या सरांकडे, ते निवडणुकीच्या ड्युटीवर.

मुंबईचं सेंट झेवियर्स बघा. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र तिथे २००३ पासून आहे. ‘ती मुंबई, आपलं काय!’ बरोबर. मुंबईचं आपण फक्त चूक असेल तेवढंच उचलतो.

हल्ली नवीन फॅशन आलीय. वेबसाईटच्या कोपऱ्यात एक निळं गोल चिन्ह, त्यात हात पसरलेला माणूस. दाबलं की अक्षरं मोठी, रंग उलटे, कर्सर जाडा. वेबसाईट बनवणारा सांगतो, ‘सर, एक ओळ टाकली की पूर्ण साईट सुगम!’ साहेब खूष. असल्याच दाव्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये अ‍ॅक्सेसिबी या कंपनीवर ठपका ठेवला आणि तिला १० लाख डॉलर भरायला लावले. आमच्या पोराने ते चिन्ह दाबलं. फोन म्हणाला, ‘बटन.’ कसलं बटन? फक्त ‘बटन’. बटनालाच नाव द्यायचं राहिलं होतं.

आणि हा विषय एकट्या अंधांचा थोडाच आहे? ज्याचा हात थरथरतो, त्याला माउस नेमका त्या मेनूवर ठेवायचा असतो जो अर्ध्या सेकंदात पळतो. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी अध्यक्षांचं नऊ मिनिटांचं भाषण आहे, खाली एकही ओळ लिहिलेली नाही. (या एका बाबतीत बहिरेपण फायद्याचं, असं एक प्राध्यापक हळूच म्हणाले.) ज्याला लाल-हिरवा कळत नाही, त्याला सांगितलं जातं, ‘लाल रंगातील विद्यार्थ्यांनी त्वरित भेटावे.’

शिवाय वरून धावणारी ती पट्टी. प्रवेश सुरू, प्रवेश सुरू, प्रवेश सुरू. शेजारी लुकलुकणारं ‘न्यू’. २०१९ च्या क्रीडा महोत्सवापुढेही ‘न्यू’. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू नये, त्याने फेफरं येऊ शकतं, असं वेबसाईटींचे जागतिक निकष सांगतात. ते निकष पहिल्यांदा १९९९ ला आले, दुसरी आवृत्ती २००८ ला. आमच्याकडे लुकलुकणारं ‘न्यू’ हाच जिवंतपणाचा पुरावा.

अक्षरांचा रंग आणि मागचा रंग यांच्यात किमान साडेचारास एक एवढा फरक हवा, हेही तिथेच लिहिलंय. पांढऱ्यावर पिवळं लिहू नये, इतकाच त्याचा अर्थ. भिंतीवर बैलाच्या बाजाराची जाहिरात रंगवणाऱ्या पेंटरला हे कोणी शिकवलं होतं? त्याची अक्षरं धावत्या बसमधून वाचता येतात.

आमच्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक चालतं. शेवटी बसलेल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द कळतो. का? ती तिकीट काढून आलेली असते आणि कळलं नाही तर ओरडते. वेबसाईटपुढे बसलेलं पोरगं ओरडत नाही. ते बस पकडतं.

दोष द्यायचा कोणाला? वेबसाईट करणारा म्हणतो, कॉलेजने मजकूर दिला तसा टाकला. कॉलेज म्हणतं, वेबसाईटवाला बघतो. वेबसाईटवाला नागपूरला असतो, त्याचे पैसे दोन वर्षांपासून थकलेत, म्हणून तो फोन घेत नाही. जो फोन घेतो तो ऑफिसातला बाबू, त्याला पासवर्ड माहीत नाही. पासवर्ड निवृत्त झालेल्या सरांच्या डायरीत आहे.

आणि करायचं तरी काय असतं? सूचना युनिकोडमध्ये टाइप करा. स्कॅन लावायचाच असेल तर शेजारी टाइप केलेली फाईलही लावा. फोटोमागे दोन शब्द लिहा. ‘क्लिक हिअर’ऐवजी ‘बी.ए. प्रथम वर्ष यादी’ असं लिहा. आणि महिन्यातून एकदा कोणीतरी डोळे मिटून आपलीच वेबसाईट उघडून बघा. शेवटचं मी एका प्राचार्यांना सुचवलं. ते म्हणाले, ‘डोळे उघडे ठेवूनही मला त्यातलं काही सापडत नाही हो!’

एक प्रामाणिक माणूस भेटला.

तर, ओसरीवर. पाऊस वाढला होता. पोराने ठरवलं, तक्रार करायची. वेबसाईटवर ‘तक्रार निवारण’ असं पान होतं, तेही नॅकच्याच कृपेने. बोट सरकवत सरकवत तो तिथे पोचला. नाव टाकलं. नंबर टाकला. तक्रार बोलून लिहिली, ‘यादी ऐकू येत नाही.’ चांगली, मुद्देसूद तक्रार. पाठवायचं बटन दाबलं.

फोन म्हणाला, ‘खालील चित्रात दिसणारी अक्षरे लिहा.’

पोरगा हसला. मोबाईल माझ्या हातात दिला. ‘काका, सांगा जी. का लिवलं हाये?’

मी चष्मा चढवला. वाकडी, एकमेकांत गुंतलेली, वरून रेघ मारलेली अक्षरं. फोन लांब धरला, जवळ धरला. उजेडाकडे वळवला.

‘पहिला नऊ आहे,’ मी म्हणालो. ‘का जी असेल?’